आत्तीला शोधताना

पोलीस भरतीत उंचीला बसले नाही म्हणून मी त्या कॉलेजात गेले. याहून थोर कारण माझ्यापाशी नाही. बी.ए. होऊन मी कोडोलीत घरी बसले होते. आई दोन्ही वेळच्या धारा काढून डेअरीला दूध घालायची, वडील आणि भाऊ शेतात असायचे, आणि दारावरून जाणारी प्रत्येक बाई आईला विचारायची, "पोरीचं कुठं जमतंय का न्हाय?" त्याच सुमारास कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती कॉलेजात मदतकार्य आणि आपत्ती निवारणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम निघाल्याचं मैत्रिणीनं सांगितलं. शिकल्यावर संस्थांमध्ये नोकरी लागते म्हणे. मी नाव घातलं.

चुलते घरी येऊन वडिलांवर ओरडले. "ख्रिश्चनांच्यात घालतोस व्हय पोरगीला? उद्या गळ्यात क्रॉस घालून आली म्हंजे कळंल." आई चुलीपुढून म्हणाली, "घालून येऊ दे की. पर नोकरी घिऊन येऊ दे."

वर्ग चर्चच्या मागच्या कौलारू इमारतीत भरायचे. सकाळी आधी प्रार्थना व्हायची. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ज्याला करायची त्यानं करावी. बाकीच्यांनी तेवढा वेळ गप्प बसावं. गप्प बसणं हासुद्धा या अभ्यासाचाच भाग आहे." मॅडम साठीच्या पुढच्या, मूळच्या गडहिंग्लजकडच्या. साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या. भूकंपाच्या आणि वादळाच्या गावांत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, पण त्यातल्या शौर्याच्या गोष्टी त्या कधी सांगत नसत. "आपण फार चांगलं काम करतोय असं वाटायला लागलं की थांबायचं आणि पाणी प्यायचं," एवढंच म्हणायच्या.

खरं सांगायचं तर मला ते सगळं मजेचं वाटत होतं. ग्राउंडवर दोरखंड, स्ट्रेचर, टायरच्या ट्यूबा. वर्गातले बाक मांडून त्यांची बोट करायची आणि पुरातून माणसं काढायचा सराव करायचा. मी सगळ्यांत बुटकी, म्हणून म्हातारीचं काम कायम माझ्याकडे. मी डोक्यावरून ओढणी घेऊन कण्हायची, पोरं मला उचलून बोटीत ठेवायची आणि सगळे हसायचे. आधी म्हातारी माणसं, गरोदर बायका, लेकरं, मग बाकीचे. हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं. ताटातूट झालेल्या माणसांची गाठ घालून देणं हाही एक विषय होता आणि तो मला सगळ्यांत सोपा वाटला. कोण हरवलं ते विचारायचं, चार ठिकाणी फोन करायचे, सापडलं की कळवायचं. त्यात अवघड काय होतं?

ऑगस्टमध्ये नद्या पात्राबाहेर पडल्या. शिरोलीजवळ हायवेवर पाणी येणार अशी बातमी आली त्या दुपारी मॅडमनी आम्हाला कॉलेजच्या गाडीत घातलं आणि जयसिंगपूरला आणलं. शिरोळ तालुक्यातल्या बुडत चाललेल्या गावांतली माणसं तिथल्या एका शाळेत येऊ लागली होती. आम्ही पोचलो आणि मागं रस्ता बंद झाला. घरी फोन लागेना. आमच्या गावाला धोका नव्हता हे माहीत होतं, तरी मी पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिले.

वर्गावर्गातून माणसं पसरली होती. ओल्या वाकळांचा कुबट वास सगळीकडे. कोणी गोठ्यात बांधलेली म्हैस सोडून आलं होतं, कोणी दावं कापून आलं होतं. ज्यांनी दावं कापलं नव्हतं ते कोणाशी बोलत नव्हते. मॅडमनी मला व्हरांड्यात एक टेबल दिलं. ज्यांचं माणूस सापडत नाही त्यांनी माझ्याकडे यायचं.

पहिल्यांदा सगळं पुस्तकातल्यासारखं झालं. एकीचा नवरा गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात निघाला, एकाच्या दोन पोरी मामाकडे सुखरूप होत्या. माणसं फोनवर एकमेकांचा आवाज ऐकून रडायची आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. मला पाणी प्यायची आठवण झाली नाही, हे कबूल करते.

मग ती आली. पस्तिशीची असेल. कुणीतरी दिलेला ढगळ गाऊन अंगात, खांद्यावरून टॉवेल. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "माझी आत्ती बघा की कुठं हाय."

त्या सीमेकडच्या गावांत सासूला आत्ती म्हणतात. हिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर, माल घेऊन गुजरातकडे गेलेला. मूलबाळ नाही. घरात या दोघीच. सासू मूळची कर्नाटकातली, मराठी समजायची पण बोलायची कानडीच. डावा पाय ओढत चालायची. अंगणात पाणी आलं तेव्हा हिनं तिला पाठीवर घेऊन शेजाऱ्यांच्या स्लॅबवर नेलं. दुसऱ्या दिवशी बोट आली. बोटीवाले ओरडत होते, आधी म्हातारी माणसं द्या. हिनं आत्तीला उचलून दिलं आणि मागोमाग पाय टाकला, तर त्यांनी अडवलं. तुम्ही पुढच्या फेरीला. पुढची फेरी आली तोवर पाण्याची ओढ बदलली होती. दुसरी बोट भलत्याच काठाला लागली. दोन्ही काठांवर ट्रॅक्टर, टेम्पो, जे मिळेल त्यात माणसं भरून जिथं जागा असेल तिथं नेत होते. पहिल्या फेरीतली माणसं कुठं गेली हे कोणालाच धड सांगता येईना.

मी शिकवल्याप्रमाणे विचारत गेले.

"लुगडं कुठलं होतं अंगावर?"

"हिरवं. तांबड्या काठाचं."

"काही खूण?"

"उजव्या हातावर तुळस गोंदलीया. कानात वरच्या अंगाला बुगडी. पुढचे दोन दात न्हाईत."

ती न अडखळता सांगत होती. मला वाटलं, एवढ्या खुणा असलेली म्हातारी संध्याकाळपर्यंत मिळेल.

मिळाली नाही. मी त्या भागातल्या जेवढ्या शाळा, कार्यालयं, देवळं यांचे फोन मिळाले तेवढे लावले. कोणी म्हणे, हिरव्या लुगड्याच्या म्हाताऱ्या लई हायत, कुठली सांगू? कोणी फोन टेबलावर ठेवून बघायला जायचा आणि परत यायचाच नाही. ती माझ्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभी असायची. बसा म्हटलं तरी बसायची नाही. जेवायला बोलावलं तर म्हणायची, "ती जेवली का कुणास ठाऊक," आणि पुन्हा माझ्या फोनकडे बघायची.

तिनं माझ्या मोबाइलवरून नवऱ्याला सगळं कळवलं होतं, म्हणून त्याचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. आजूबाजूच्या गोंगाटात तिला ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला. मला काय माहीत तो काय बोलणार आहे.

"सापडली का?"

"न्हाई अजून. बघायलोय की सगळीकडं."

"टाकलीस न्हवं माझ्या आईला?" तो ओरडला. "तुला पायजेच हुतं. एकटी बोटीत घातलीस आन् आपण बसलीस वर."

ती "अवो ऐका की, अवो" म्हणत राहिली. फोन बंद झाला. व्हरांड्यातल्या बायका ऐकत होत्या. तिच्याच गावच्या. त्यातली एक दुसरीला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आता रडून काय? दोघींच्या चुली येगळ्या हुत्या की वर्षभर."

मी त्या बाईकडे रागानं बघितलं आणि मग लगेच मनात आलं, खरंच असेल का? असं मनात आल्याबद्दल मला पुढं कितीतरी दिवस स्वतःची चीड येत राहिली.

मॅडमनी टेबलावर दुसऱ्या मुलीला बसवलं आणि मला सांगितलं, "फोननं होणार नाही. तिला घेऊन हिंड. आणि सापडेल असं सांगू नकोस, सापडणार नाही असंही सांगू नकोस."

आम्ही हिंडलो. मिळेल त्या गाडीनं, बऱ्याचदा चालत. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, तिथून एखाद्या कारखान्याच्या गोडाऊनमध्ये, तिथून देवळात. प्रत्येक ठिकाणी ती दारातच थांबायची, आत पसरलेल्या माणसांवरून नजर फिरवायची आणि मग एकेका म्हातारीजवळ जाऊन पदर बाजूला करून तोंड बघायची. काही म्हाताऱ्या तिला आपली सून समजून हात धरायच्या. एकीनं तर सोडेचना. तिची समजूत घालून हात सोडवला तो मी, कारण हिच्या अंगात त्राण राहिलं नव्हतं.

वाटेत तिनं जोतिबाला नवस बोलून झाला, वाडीच्या दत्ताला बोलून झाला. वाडीचं देऊळ तर स्वतःच पाण्यात होतं. एका संध्याकाळी शाळेत परत आल्यावर ती मॅडमपुढे जाऊन उभी राहिली. "तुमच्या देवाला बी सांगा की बाई. कुणीबी आयकू दे, पर आयकू दे." मॅडमनी तिला जवळ बसवलं, पण धीराचा एक शब्द बोलल्या नाहीत. नुसता हात धरून ठेवला. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढ्या वर्षांचा अनुभव, आणि सांगायला काहीच नाही?

त्यानंतर सांगलीच्या बाजूनं फोन आला. एक म्हातारी पाण्यात मिळाली आहे, ओळख पटवायला कोणीतरी या.

सांगलीकडे जाणारा अंकलीचा पूल तोवर वाहतुकीला खुला झाला होता. टेम्पोत ती माझ्याशेजारी बसली. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, त्या खोलीच्या दाराशी पोचल्यावर तिनं माझं मनगट पकडलं. "तू बघून ये आधी. तुळस बघ. मला न्हाई जमायचं."

वर्गात आम्हाला मृतदेहाबद्दल शिकवलं होतं. कसं झाकायचं, कसं बोलायचं, नातेवाइकाला आधी काय सांगायचं. ते सगळं दाराबाहेरच राहिलं. आतल्या माणसानं कापड बाजूला केलं. मी तोंडाकडे बघितलंच नाही, हाताकडे बघितलं. फुगलेला, पांढरा पडलेला हात. गोंदण नव्हतं. मी पुन्हा बघितलं, दुसरा हात बघितला. नव्हतं.

बाहेर येऊन मी नुसती मान हलवली. ती आधी हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून, लहान पोरीसारखी. मग भिंतीशी जाऊन वाकली आणि तिला उलट्या होऊ लागल्या. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी. मी तिची पाठ चोळत होते आणि मला आत निजलेल्या त्या दुसऱ्या बाईची आठवण येत होती. तिच्या तोंडाकडे मी बघितलं नव्हतं. तिला शोधत कोणीतरी असंच हिंडत असेल, आणि तिच्या हातावर तुळस नाही म्हणून आम्ही सुटलो होतो.

तिथंच, पायरीवर बसल्यावर, ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

"चुली येगळ्या हुत्या, खरं हाय ते. मी लई बोललेलो तिला. ती बी बोलायची. पोर झालं न्हाई म्हणून लई घालून पाडून बोलायची, कानडीत. मला कानडी कळत न्हाई असं वाटायचं तिला." ती थांबली. "पर मी तिला टाकली न्हाई. बोटीत बसवली तवा तिनं माझा पदर धरला हुता. सोडंना. ते बोटीवालं वरडाय लागलं, बाई सोडवा, बोट कलंडतीया, सोडवा. मग मीच सोडवली की बोटं तिची. एक-एक करून. आन् ती माझ्याकडं बघत गेली."

ग्राउंडवरची बाकांची बोट माझ्या डोळ्यांपुढं आली. तिथं कोणी कोणाचा पदर धरत नव्हतं. "तुम्ही बरोबरच केलंत," मी म्हणाले. "नियमच तसा आहे. आधी म्हातारी माणसं." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही परक्या भाषेत बोलले होते.

पाणी ओसरू लागलं. लोक शाळा सोडून घराकडे जायला लागले, चिखल काढायला. ती गेली नाही. "मी तिच्याबिगर गावात पाय कसा टाकू?" म्हणाली. आता उरली होती ती नदीपलीकडची, कर्नाटकातली बाजू. तिकडं गेलेल्या माणसांचा आमच्याकडे काही पत्ता नव्हता. मॅडमना कानडी येत होतं. त्या दिवसभर व्हरांड्यात उभ्या राहून फोन करत राहिल्या, आवाज बसला तरी. शेवटी एका मठातल्या स्वयंपाकिणीनं सांगितलं, हिरव्या लुगड्याची, पाय ओढणारी एक म्हातारी आहे. हातावर तुळस आहे. पण ती ही नसेल, कारण तिचं कोणी नाही. सगळी माणसं वाहून गेली, असं तिनंच सांगितलंय.

आम्ही इचलकरंजीवरून बोरगावच्या अंगानं गेलो. मठाच्या जेवणाच्या लांबलचक खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. अगदी टोकाला, खांबाला टेकून ती म्हातारी बसली होती. सून दारातून पळत सुटली. "आत्ती! अगं आत्ती!" वाटेतल्या माणसांच्या ताटांवरून, भांड्यांवरून पळत गेली आणि तिच्या पायाशी पडून मोठमोठ्यानं रडायला लागली.

म्हातारीनं पाय ओढून घेतले.

मला वाटलं, ओळखलं नसेल, धक्का बसला असेल. मी जवळ जाऊन बसले. म्हातारी खांबाकडे तोंड करून स्वयंपाकिणीला म्हणाली, "नन्ग यारू इल्ला."

"काय म्हणतात?" मी विचारलं.

स्वयंपाकीण ओशाळली. "मला कुणी न्हाई म्हणत्यात."

सून उठून बसली. हात जोडले, कान पकडले, कपाळ जमिनीला टेकवलं. "आत्ती, चूक झाली, घरी चला. तुमचा ल्योक वाट बघतोय. कुठं कुठं हुडकली वो तुम्हाला." बाकीचे लोक जेवायचे थांबून बघत होते. म्हातारीचा चेहरा हलला नाही. मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आजी, त्यांचा काय दोष? पुरात तसंच करतात. म्हाताऱ्या माणसांना आधी काढायचं, हा नियमच आहे."

तेव्हा ती मराठीत बोलली. मोडक्या, पण प्रत्येक शब्द कळेल अशा मराठीत.

"तू हुतीस तितं?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. आणि आपला उजवा हात, गोंदलेली तुळस वर करून, सुनेच्या तोंडापुढं धरला. मूठ वळली आणि एकेक बोट दुसऱ्या हातानं उघडून दाखवलं. बस्स. पुन्हा खांबाकडे तोंड केलं.

नंतर स्वयंपाकिणीकडून कळलं ते असं. बोट काठाला लागताना कलंडली होती, म्हातारी पाण्यात पडली होती, कोणीतरी केसाला धरून वर ओढली. मग रस्त्याच्या कडेला पावसात कितीतरी वेळ एकटी बसून होती. उठता येईना, कोणाला सांगता येईना. कपड्यातच सगळं झालं. येणारी-जाणारी माणसं नाक दाबून बाजूनं जायची. ज्या टेम्पोनं तिला मठात आणलं, त्यानं तिला मागं जनावरांच्या पेंडीच्या पोत्यांवर टाकलं होतं.

सून तिथंच राहिली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मठात भाकरी थापायची, भांडी घासायची आणि लांबून म्हातारीकडे बघत बसायची. म्हातारी इतर कोणाच्याही हातचं जेवायची, हिनं वाढलेलं ताट सरकवून द्यायची. मला परत यावं लागलं. निघताना ती मला गाडीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "सापडली तरी. जित्ती हाय." ते ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

मुलगा ट्रक घेऊन आला आणि आईला तिच्या भावाच्या घरी, तिकडंच कर्नाटकात ठेवून गेला. आईनं त्याला बोटं उघडून दाखवली असणार. बायकोला तो मठाच्या दारातच म्हणाला, "तुझं माझं मिटलं." तिनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय केली हे सांगावं तसा.

कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा मी मॅडमना सांगितलं की मला हे सोडायचं आहे. प्रार्थना संपून बाकीचे वर्गात गेले होते. आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसलो होतो.

"आपण शोधली नसती तर बरं झालं असतं," मी म्हणाले. "सापडली नसती तर निदान नवऱ्यानं कधीतरी माफ केलं असतं. आपण तिचं घर मोडलं, मॅडम."

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिल्या. "मी आयुष्यभर माणसं गाड्यांत बसवली," म्हणाल्या. "आधी म्हातारी, मग लेकरं. ती पुढं कुठं उतरली, कोणी त्यांना उतरवून घेतलं, मला ठाऊक नाही. कुणी विचारलंही नाही. तू निदान एकीच्या मागं शेवटपर्यंत गेलीस." आणि मग, "त्यानं बरं वाटणार नाही. मला माहीत आहे."

बरं वाटलं नाहीच. पण मी कॉलेज सोडलं नाही. सोडून कुठं जाणार होते? तोंडी परीक्षेला पुण्याहून आलेल्या सरांनी विचारलं, एखादा अनुभव सांगा. मी तिचं सांगायला लागले. "सापडली का शेवटी?" त्यांनी मध्येच विचारलं. मी हो म्हणाले. "व्हेरी गुड," ते म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला चांगले मार्क पडले. मॅडमनी पुढच्या तुकडीपासून एक बदल केला: बोटीच्या सरावात म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवायचं नाही, घरातलं एक माणूस बरोबर हवंच. सरावात ते सहज जमतं. बाकांच्या बोटीत जागा कमी पडत नाही.

आता मी एका संस्थेत काम करते. गेल्या हिवाळ्यात कामासाठी इचलकरंजीला गेले होते, तेव्हा तिला भेटले. ती तिथं यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते आणि आणखी दोघी बायकांबरोबर एका खोलीत राहते. कारखान्याच्या दाराबाहेर, चहाच्या गाड्याजवळ आम्ही उभ्या राहिलो. केसांत कापसाची धूळ, डोळे खोल गेलेले. मागांचा खडखडाट एवढा होता की एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं.

"आत्ती बरी हाय," मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली. "गेलतो मी."

"कुठं?"

"तिच्या भावाच्यात. सुट्टी हुती. दारात गेलो. ती अंगणात शेंगा फोडत बसलीती. बघितली माझ्याकडं. या म्हणाली न्हाई, जा बी म्हणाली न्हाई. मग मी पायरीवर बसलो. तिच्या सुपातल्या शेंगा घिऊन मी बी फोडाय लागलो."

"मग?"

"मग काय? सूप संपलं. ती उठून आत गेली. कुणी बाहीर आलं न्हाई. मग मी आलो."

"काही बोलल्या नाहीत?"

तिनं मान हलवली. नवरा आता कुठं असतो ते तिला माहीत नव्हतं. गावचं घर पडीक होतं, मागची भिंत त्या पुरातच खचली होती. तिकडं ती जात नव्हती. बायका अजून तेच बोलतात, म्हणाली. सासूला पाण्यात सोडून आली.

"पुन्हा जाणार?" मी विचारलं.

"बघायचं. सुट्टी मिळाली तर."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. तिनं उरलेला चहा एका घोटात संपवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. त्या आवाजात तिला काहीतरी चांगलं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. ते मिटून मी चहाचे पैसे दिले.